हिवाळी निसर्गचित्र, तैलरंगातील : पोत व भाववृत्ती

हिवाळी निसर्गचित्र : हेमंत व शिशिर या ऋतूंतील भूमी, वृक्ष, जल, आकाश व प्रकाश यांच्या दर्शनाला प्राधान्य देणारा निसर्गचित्रणाचा एक प्रकार. यूरोपीय कलेत हा प्रकार प्रामुख्याने बर्फाच्छादित भूदृश्यांशी निगडित झाला आणि छापील प्रतिकृतींच्या प्रसारामुळे तोच संकेत भारतातही रूढ झाला. परिणामी ज्या चित्रात बर्फ नाही, ते हिवाळ्याचे चित्र असू शकते, हे सामान्य प्रेक्षकाच्या सहजासहजी ध्यानात येत नाही. वस्तुतः चित्रातील ऋतू हा केवळ विषयवस्तूने सिद्ध होत नाही. प्रकाशाची दिशा, उजळ-गडद छटांमधील अंतर, रंगांची शीतलता वा उष्णता आणि रंगलेपाचा पोत यांच्या परस्परसंबंधांतून तो प्रत्ययास येतो. तैलरंगचित्रात यांपैकी पोत हा घटक विशेष महत्त्वाचा ठरतो. कारण तेथे रंग हा केवळ दृश्य गुण नसून घनता, जाडी व उंचसखलपणा असलेला पदार्थही असतो. अशा चित्राची भाववृत्ती त्याच्या पृष्ठभागापासून वेगळी काढून पाहता येत नाही.

पोत : चित्रकलेत ‘पोत’ ही संज्ञा दोन अर्थांनी वापरली जाते. खडकाचा खडबडीतपणा, वाळलेल्या गवताचा राठपणा, पाण्याचा गुळगुळीतपणा इ. वस्तूंचे स्पर्शगुण डोळ्यांना जाणवतील अशा रीतीने रंगविणे, हा तिचा पहिला अर्थ. यास चित्रित पोत म्हणता येईल. कॅनव्हासची वीण, अस्तराचा लेप, कुंचल्याचे ओरखडे, रंगाचे उंचवटे यांमुळे चित्रपृष्ठाला स्वतःचा असा जो स्पर्शगुण प्राप्त होतो, तो दुसरा अर्थ. यास प्रत्यक्ष पोत म्हणता येईल. हे दोन्ही पोत एकमेकांशी जुळतीलच, असे नाही. अगदी गुळगुळीत पृष्ठावर खरखरीत साल रंगविता येते, तर शांत आकाशासाठी जाड व खडबडीत लेपही वापरता येतो. रसग्रहणात या दोहोंमधील मेळ वा विरोध ओळखणे, ही पहिली पायरी होय.

तैलरंगाचे गुणधर्म : तैलरंगात रंगद्रव्याची पूड जवसासारख्या सुकणाऱ्या तेलात खलतात. हे तेल पाण्याप्रमाणे उडून जात नाही, तर हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून हळूहळू घट्ट होते. त्यामुळे लेपाची जाडी व कुंचल्याने दिलेले वळण बऱ्याच अंशी टिकून राहते आणि ओला असेपर्यंत रंगावर पुन्हा काम करता येते. पातळ लेप सुकण्यास काही दिवस, तर जाड लेप पूर्णतः घट्ट होण्यास कित्येक महिने वा वर्षेही लागू शकतात. म्हणून कमी तेलाच्या थरावर अधिक तेलाचा थर द्यावा, असा नियम चित्रकार पाळतात. तो न पाळल्यास वरचा थर आधी आक्रसून चित्रास भेगा पडण्याचा संभव असतो.

तैलरंग लावण्याच्या तीन पद्धती हिवाळी चित्राच्या दृष्टीने विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत. पारदर्शक पातळ लेपातून खालचा थर दिसत राहतो आणि प्रकाश आतून येत असल्याचा भास होतो. धुके, सावली व दूरचे डोंगर यांना तो अनुकूल असतो. सुकलेल्या थरावर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने घासून लावलेला अपारदर्शक रंग केवळ उंचवट्यांवर बसतो. हिम, धूळ, वाळके गवत व निष्पर्ण फांद्यांचे जाळे यांसाठी त्याचा उपयोग होतो. राठ केसांच्या कुंचल्याने अथवा लवचिक रंगसुरीने दिलेले जाड लेपन स्वतःची सावली पाडते आणि दालनातील प्रत्यक्ष प्रकाश पकडते. पांढऱ्या रंगद्रव्याच्या निवडीमुळेही पृष्ठ बदलते. शिशाच्या पांढऱ्याचा लेप चिवट व कुंचल्याची खूण राखणारा असतो. जस्ताचा पांढरा अधिक थंड छटेचा, पण तेलात ठिसूळ होणारा असतो. विसाव्या शतकात प्रचारात आलेला टिटॅनियमचा पांढरा अतिशय आच्छादक असतो. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने धातूच्या दाबता येणाऱ्या नळीचे एकस्व घेतले. त्यामुळे तयार तैलरंग घेऊन उघड्यावर, थंडीतही, चित्र रंगविणे पुढील काळात सुकर झाले.

भाववृत्ती : चित्रातून जाणवणाऱ्या सर्वसाधारण मनःस्थितीस भाववृत्ती म्हणतात. ती चित्रातील प्रसंगाहून भिन्न असते. एकच ओसाड शेत प्रकाश व लेपन यांनुसार विषण्ण, निवांत वा प्रसन्न भासू शकते. भारतीय परंपरेत कामसूत्रावरील यशोधराच्या जयमंगला या टीकेत चित्राची सहा अंगे सांगितली आहेत. त्यांत भाव आणि वर्णिकाभंग, म्हणजे रंगयोजनेचे कौशल्य, यांचा स्वतंत्र उल्लेख येतो. बारमासा चित्रमालिकांत मार्गशीर्ष व पौष या महिन्यांचे भाव मुख्यतः मानवी व्यवहारांतून, म्हणजे शेकोटी, रजई, एकमेकांच्या निकट बसलेली युगुले यांमधून, व्यक्त झाले आहेत. तैलरंगातील निसर्गचित्रात मानवाकृती पुष्कळदा नसते वा गौण असते. तेथे भावाचा भार प्रकाश व पृष्ठ यांनाच वाहावा लागतो.

यूरोपीय उदाहरणे : थोरला पीटर ब्रगेल या फ्लेमिश चित्रकाराचे हिमातील शिकारी (१५६५) हे चित्र लाकडी फलकावर तैलरंगात असून ते व्हिएन्ना येथील कलेतिहास संग्रहालयात आहे. १५६४–६५ चा हिवाळा यूरोपात अतिशय कडक होता. या चित्रातील रंगलेप पातळ आहे, तरीही त्यातली थंडी तीव्रतेने जाणवते. आकाश व गोठलेली तळी यांना जवळजवळ एकच करडी-हिरवट छटा दिलेली आहे आणि तिच्यावर शिकारी, कुत्रे व वृक्ष यांच्या गडद आकृती उठून दिसतात. उष्ण रंग घराजवळच्या जाळासारख्या अगदी थोड्या जागांपुरते राखलेले आहेत. प्रत्यक्ष पोत जाड नसताही भाववृत्ती प्रबळ होऊ शकते, याचे हे चित्र उत्तम उदाहरण होय.

जर्मन चित्रकार कास्पार डाव्हीट फ्रीड्रिख याच्या हिवाळी भूदृश्य (१८११, नॅशनल गॅलरी, लंडन) या लहानशा चित्रात बर्फावर टाकून दिलेल्या कुबड्या, खडकाला टेकून प्रार्थना करणारा मनुष्य व धुक्यात पुसट दिसणारे चर्च आहे. मोजक्या रंगद्रव्यांनिशी, कुंचल्याच्या टोकाने बारीक ठिपके देत त्याने धुके साधले आहे. लेपनात हाताची खूण जवळजवळ उरलेली नाही आणि त्या निःशब्द पृष्ठामुळेच चित्रातील धार्मिक आशा संयत राहते.

याउलट क्लोद मोने या फ्रेंच दृक्‌प्रत्ययवादी चित्रकाराच्या मॅगपाय पक्षी (१८६८–६९, ओर्से संग्रहालय, पॅरिस) या चित्रात बर्फ हेच मुख्य द्रव्य बनले आहे. एत्रता या गावाच्या परिसरात रंगविलेल्या या चित्रात पांढऱ्या रंगाच्या अनेक छटा असून कुंपणाच्या सावल्या निळसर-जांभळ्या आहेत. सावली म्हणजे काळेपणा, या तत्कालीन समजुतीला हे मानवणारे नव्हते. १८६९ च्या शासकीय प्रदर्शनात हे चित्र नाकारले गेले. आज मात्र त्या निळ्या सावल्या व जाड, तुटक फटकारे यांमुळेच सकाळच्या उन्हातील थंडी त्यात प्रत्ययास येते. मोनेने १८९०–९१ च्या सुमारास रंगविलेल्या धान्याच्या गंजींच्या सु. २५ चित्रांत काही बर्फातील आहेत. तेथे एकावर एक चढविलेल्या थरांमुळे गंजीच्या कडांवर रंगाचे कवच तयार झाले आहे. गंज हा विषय तोच राहिला, पण प्रहर व ऋतू बदलताच लेपनही बदलले.

महाराष्ट्रातील परंपरा : मुंबईत १८५७ मध्ये सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळा स्थापन झाली आणि १८८८ मध्ये बाँबे आर्ट सोसायटीचे कार्य सुरू झाले. या परिसरात निसर्गचित्रणाची जी परंपरा घडली, तीत पारदर्शक जलरंगांना मोठे स्थान होते. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांनी कोटितीर्थाच्या परिसराची निरनिराळ्या प्रहरांतील चित्रे काढली. प्रकाशाच्या सूक्ष्म बदलांचे भान हे त्यांचे वैशिष्ट्य होय. जलरंगात कागदाचा शुभ्रपणा हाच प्रकाश असतो व पोत बहुतांशी कागदाचा असतो. स्वच्छ, न गढुळलेल्या लेपाचा आग्रह या माध्यमाला साजेसा आहे. परंतु त्याच निकषावर तैलचित्र पारखल्यास जाड लेपन अपूर्ण वा ओबडधोबड वाटते. तैलचित्राच्या रसग्रहणात मराठी प्रेक्षकाला येणारी एक अडचण येथून उद्भवते.

जाड तैललेपनाचा परिचय मुंबईच्या कलावर्तुळास पुढे अनेक मार्गांनी झाला. ऑस्ट्रियन चित्रकार वॉल्टर लँगहॅमर १९३८ मध्ये मुंबईत आले व टाइम्स ऑफ इंडिया च्या कलाविभागाचे प्रमुख झाले. त्यांची उत्कट रंगयोजना व मोकळे लेपन यांचा प्रभाव तेथील तरुण चित्रकारांवर पडला. त्यांपैकी सय्यद हैदर रझा (१९२२–२०१६) यांनी प्रारंभी मुंबईची जलरंगचित्रे काढली. १९५० मध्ये ते फ्रान्सला गेले आणि तेथे तैलरंगाकडे वळले. पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धातील त्यांच्या फ्रेंच भूदृश्यांत घरे, वृक्ष व टेकड्या रंगाच्या जाड थरांत विलीन होऊ लागतात. स्थळाचे वर्णन मागे पडून द्रव्याचा जोर पुढे येतो. माध्यम बदलताच एकाच चित्रकाराची निसर्गदृष्टी कशी बदलते, हे या दोन काळांतील चित्रे शेजारी ठेवल्यास स्पष्ट होते. मराठी भाषकांच्या इंदूर येथील केंद्रात द. दा. देवळालीकर यांनी १९२७ मध्ये स्थापिलेल्या चित्रकला मंदिरातून नारायण श्रीधर बेंद्रे (१९१०–९२) यांच्यासारखे चित्रकार पुढे आले. बेंद्रे यांनी १९३० नंतरच्या दशकात काही काळ काश्मीरमध्ये काम केले. उत्तरायुष्यात रंगांच्या ठिपक्यांनी चित्रपृष्ठ विणण्याची शैली त्यांनी अवलंबिली. जाड थराविनाही पृष्ठ कसे स्पंदित करता येते, हे तीत दिसते.

बर्फाविना हिवाळा : महाराष्ट्राच्या सखल प्रदेशात बर्फ पडत नाही, तेव्हा तेथील हिवाळ्याचे दृश्य गुण कोणते, हा प्रश्न निसर्गचित्रकारापुढे व प्रेक्षकापुढेही असतो. उत्तर कोकणातील कामण हे गाव या दृष्टीने उदाहरणादाखल घेता येईल. पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यातील हे गाव तुंगारेश्वर डोंगररांगेच्या पायथ्याशी असून वसई रोड–दिवा लोहमार्गावर कामण रोड हे स्थानक आहे. गावाच्या पाठीशी कामणदुर्गाचा डोंगर, पायथ्याशी भातखाचरे व दक्षिणेकडे खाडीचा सखल प्रदेश, अशी येथील भूदृश्याची तीन अंगे स्वाभाविकपणेच पार्श्वभूमी, मध्यभूमी व अग्रभूमी यांत विभागली जातात.

येथील अक्षांश सु. १९° उ. असल्याने मेच्या मध्यास दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो व सावल्या पायाशी गोळा होतात. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र तो मध्यान्हीही क्षितिजापासून सु. ४७ अंशांवर असतो आणि उभ्या माणसाची सावली त्याच्या उंचीहून किंचितच कमी भरते. मोनेच्या एत्रता येथे त्याच वेळी सूर्य केवळ सु. १७ अंश वर येतो व सावली उंचीच्या तिपटीहून अधिक लांब पडते. म्हणजे कोकणातील हिवाळ्यातही प्रकाश तिरपा होतो, परंतु तो दुर्बळ होत नाही. खाचराच्या बांधावरील प्रत्येक ढेकूळ, भाताच्या खुंटांची प्रत्येक ओळ अशा उन्हात आकार धारण करते. भूमीचा पोत वर्षातील इतर काळापेक्षा या वेळी अधिक वाचनीय होतो. पावसाळ्यात तो हिरवाईखाली झाकलेला असतो व उन्हाळ्यात डोक्यावरच्या उन्हाने सपाट होतो.

या ऋतूतील रंगसंगतीही विशिष्ट असते. कापणी झालेल्या खाचरांचा फिका पिवळसर रंग, ओलाव्यावर पेरलेल्या वालाची मर्यादित हिरवळ, पेंढ्याच्या उडव्या, डोंगरउतारावरील वाळत चाललेले सोनेरी गवत व सागाची करपलेली पाने यांमुळे उष्ण पण मंद छटांचे प्राबल्य असते. पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असल्याने धूर व दव खालीच साठून राहतात. त्यामुळे डोंगराचा पायथा पुसट व माथा स्पष्ट दिसतो. अशा वेळी डोंगर निळसर-जांभळा होतो आणि त्याच्या शीतल छटेमुळे अग्रभूमीतील पिवळा अधिक उबदार भासतो. पौष–माघात निष्पर्ण काटेसावरीवर येणारी लाल फुले व शिशिराच्या अखेरीस राबासाठी भाजलेल्या वाफ्यांचे काळे चौकोन, हे या संयत रंगसंगतीतील तीव्र स्वर होत.

अशा दृश्याच्या तैलचित्रात धुके पातळ लेपाने, खुंटांची राने कोरड्या कुंचल्याच्या घासलेल्या लेपाने व उडवीचा उजळ कोपरा जाड लेपनाने साधणे स्वाभाविक ठरेल. याउलट सर्वत्र सारख्याच जाडीचा रंग दिल्यास धुके व ढेकूळ एकाच पदार्थाचे भासतील आणि हवेचे अंतर नाहीसे होईल. येथील हिवाळ्याची भाववृत्ती यूरोपीय हिवाळ्याप्रमाणे मृत्यू वा एकाकीपणा यांच्याशी निगडित नाही. धान्य घरात आलेले आहे, जमीन विसावली आहे व पुढील श्रमाला अवकाश आहे, अशा पूर्तीची आणि विश्रांतीची ती वृत्ती होय. तथापि तिच्यात पाणी आटत जाण्याची चाहूलही मिसळलेली असते. बर्फाच्या चित्रांवरून घेतलेले विषण्णतेचे संकेत या भूदृश्यावर लादल्यास चित्र खोटे ठरते. वाढती वस्ती, गोदामे व रहदारीची धूळ यांमुळे अलीकडे या भागाच्या प्रकाशाचा व रंगांचाही पालट होत आहे. धूसरतेमागे दव आहे की धूळ, हा भेदही लक्षपूर्वक केलेल्या चित्रात टिपला जाऊ शकतो.

रसग्रहणाची पद्धत : तैलचित्र निदान तीन अंतरांवरून पाहणे इष्ट असते. चित्राच्या कर्णाच्या सु. दुप्पट-तिप्पट अंतरावरून त्याची एकूण रचना व छटांचे मोठे गट दिसतात. या वेळी डोळे किंचित मिटल्यास तपशील पुसले जाऊन केवळ उजळ, मध्यम व गडद असे विभाग उरतात. भाववृत्तीचा पाया बहुधा येथेच असतो : जवळजवळच्या छटांमुळे शांतता वा उदासीनता, तर दूरच्या छटांमुळे ताण वा उल्हास जाणवतो. हातभर अंतरावर आल्यावर वस्तू विरतात व रंगलेप दिसू लागतो. फटकाऱ्यांची दिशा, त्यांची गती, कोठे थर खरवडला आहे व कोठे अस्तर उघडे ठेवले आहे, हे येथे कळते. शेवटी चित्राच्या बाजूस उभे राहून तिरप्या दृष्टीने पाहिले असता उंचसखलपणा स्पष्ट होतो. त्यानंतर पुन्हा दूर जाऊन, जवळून दिसलेल्या कोणत्या खुणेमुळे दुरून कोणता भाव निर्माण झाला, याचा पडताळा घ्यावा. ज्या जाड लेपाचे दुरून काहीच कार्य दिसत नाही, तो केवळ हस्तलाघवाचे प्रदर्शन असतो.

अडथळे : छापील प्रतिकृतीत वा पडद्यावरील छायाचित्रात पोताची मोठी हानी होते. कॅमेऱ्यासमोर एकाच दिशेने टाकलेला प्रकाश चित्रपृष्ठाची एकच अवस्था गोठवितो आणि चित्राचे मूळ आकारमानही लोपते. सु. ३३ × ४५ सेंमी. चा फ्रीड्रिख व ८९ × १३० सेंमी. चा मोने पुस्तकात एकाच आकाराचे होतात. म्हणून मूळ कृती पाहण्याला पर्याय नाही. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातील यूरोपीय तैलचित्रे आहेत, तर १९९६ मध्ये कावसजी जहांगीर सभागृहात सुरू झालेल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आधुनिक भारतीय चित्रे पाहावयास मिळतात.

मूळ चित्रही नेहमी मूळ अवस्थेत असतेच, असे नाही. संरक्षणासाठी दिलेले व्हार्निश कालांतराने पिवळे पडते. त्यामुळे निळी सावली हिरवट व पांढरे हिम मळकट दिसते आणि थंड सकाळ उबदार सायंकाळ भासू लागते. अशा चित्राच्या ‘सोनेरी’ भाववृत्तीचे श्रेय चित्रकारास देणे चुकीचे ठरते. उलटपक्षी, अतिरेकी सफाईने वरचे पातळ लेप निघून गेल्यास धुक्याची खोली नाहीशी होते. जीर्ण कॅनव्हासच्या मागे नवे कापड उष्णता व दाब देऊन चिकटविण्याच्या क्रियेत जाड लेपनाचे उंचवटे चेपले जाण्याचा धोका असतो. एकदा चेपलेला पोत परत आणता येत नाही. किनारी प्रदेशातील दमट हवेत कॅनव्हास व अस्तर वारंवार प्रसरण व आकुंचन पावतात, बुरशी धरते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. घरातील तैलचित्र ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नये, त्यावर थेट ऊन येऊ देऊ नये व ते ओल्या फडक्याने पुसू नये, हे नियम यासाठीच आहेत. पोत जपणे म्हणजे चित्राचे बाह्य आवरण जपणे नव्हे. ज्या पृष्ठावर त्या सकाळचा प्रकाश, चित्रकाराच्या हाताची गती व ऋतूची वृत्ती एकत्र नोंदलेली असते, ते पृष्ठच चित्र होय.